कोकणच्या खाड्यांत शिडाच्या होडीला जागा हवी

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे. पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेतले हे चित्र पाचव्या शतकातले मानले जाते. ते काढणाऱ्या कलावंताच्या समोर वाघूर नदीची घळ होती आणि समुद्र कित्येक मुक्कामांच्या अंतरावर होता. तरीही शिडे, सुकाणूची वल्ही आणि जहाजावर ठेवलेले रांजण त्याने इतक्या जाणतेपणाने टिपले, की त्या चित्राच्या आधारे, लोखंडी खिळे न वापरता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून, आपल्या नौदलासाठी एक जहाज बांधता आले. ‘कौंडिण्य’ या नावाने ते मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. मराठवाड्यातल्या कड्यात जपलेली समुद्राची ही आठवण मी आरंभीच सांगतो, कारण पुढे मांडलेला प्रश्न ऐकून लोक बहुधा आधी हेच विचारतात, की मराठवाड्याच्या माणसाला समुद्राचे काय पडले आहे.

प्रश्न असा आहे. महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आहे, असे आपण शाळेपासून शिकत आलो. त्यातला रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंतचा भाग गोव्याइतका गाजलेला नाही, केरळइतकी त्याची जाहिरात झालेली नाही. या किनाऱ्यावर स्वतःच्या छोट्या शिडाच्या होडीतून, खाडीमागून खाडी करत, रात्री नांगर टाकून मुक्काम करत जाण्याची मुभा आणि सोय सामान्य नागरिकाला असावी की नसावी? माझे उत्तर असे आहे की ती असलीच पाहिजे. ती स्वस्त आणि सोपी असली पाहिजे, आणि ती मागण्यात ज्यांच्या जिल्ह्याला समुद्र लागत नाही त्यांनीही मागे राहू नये.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, एका पुणेकर मित्राच्या २७ फुटी होडीतून आम्ही तिघे मांडव्याहून मालवणला गेलो. अंतर सुमारे १८० सागरी मैलांचे, म्हणजे ३३० किलोमीटरांच्या आसपास. आम्हाला आठ दिवस लागले, कारण रात्री चालायचे नाही असे मित्राने पहिल्याच दिवशी बजावले होते. या किनाऱ्यावर रात्रीचे खरे भय खडकांपेक्षा जाळ्यांचे असते. मैलभर पसरलेल्या जाळ्याची खूण म्हणून प्लास्टिकचा एखादा डबा तरंगत असतो, तो अंधारात दिसत नाही, आणि जाळे सुकाणूत अडकले तर होडीचीही हानी होते आणि कोळ्याच्या पोटावरही पाय येतो.

भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे अशी दोन नावे पाठ केली होती; त्यांचा अर्थ मला तिथे कळला. पहाटे जमीन गार झालेली असते आणि जमिनीकडून येणारा हलका वारा होडीला किनाऱ्यालगत पुढे नेतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो, शीड लुळे लोंबते, पाणी काचेसारखे होते, आणि मग दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होऊन संध्याकाळपर्यंत वाढत जातो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीशी मिळतो. उत्तरेकडे परतणाऱ्याला मात्र पहाटेच्या त्या तीन-चार तासांतच वाट काढावी लागते. ऑक्टोबरपासून मेपर्यंतच्या महिन्यांत हे चक्र इतके भरवशाचे असते, की इंजिन नसलेली फत्तेमारी गलबते त्याच्या जोरावर कौले, मीठ आणि नारळ घेऊन हाच किनारा वर्षानुवर्षे करीत होती. छोट्या शिडाच्या होडीसाठी निसर्गाने इतकी अनुकूलता दिलेला किनारा जवळ असताना आपण तो फक्त रस्त्यावरून पाहतो, याची मला खंत वाटते.

रस्त्यावरून कोकण तुकड्यातुकड्यांनी भेटते: घाट उतरायचा, एका गावी जायचे, मासे खायचे, परत वर यायचे. समुद्रातून त्याचा क्रम उलगडतो. राजपुरीच्या खाडीचे मुख आले की जंजिरा दिसतो, पण त्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तो किल्ला इतकी वर्षे का पडला नाही, हे तटावर चढून समजत नाही, होडीतून त्याच्याभोवती फिरताना समजते. हर्णैसमोर सुवर्णदुर्ग, मग दाभोळ, जयगड, रत्नागिरी, पूर्णगड आणि विजयदुर्ग ही रांग साधारण एकेका दिवसाच्या अंतरावर का आहे, हेही शिडाखाली बसल्यावर उमगते, कारण वाऱ्यावर चालणाऱ्या गलबताला संध्याकाळी आडोसा लागतो आणि आडोशाच्या तोंडाशी पहारा लागतो. विजयदुर्गाच्या पाठीमागे वाघोटण खाडीत कातळ फोडून केलेली आरमारी गोदी आहे. १७५६ पर्यंत आंग्र्यांकडे असलेल्या या किल्ल्याचे सामर्थ्य त्याच्या तटापेक्षा त्या खाडीत होते, असे तिथे नांगर टाकून रात्र काढल्यावर माझे मत झाले. इतिहासाचा हा धडा आपल्या मुलांना तटावरून देता येत नाही.

दाभोळच्या मुखाशी आम्ही ओहोटीच्या वेळी पोहोचलो. मासे घेऊन परतणाऱ्या एका होडीवरच्या तरुण तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, दुरूनच हात करून सांगितले, “काका, डाव्या अंगाला वाळू वर आलीय, भरती पुरी होऊ द्या, मग माझ्या मागून आत या.” आणि तो खरोखरच आमच्यासाठी तासभर थांबला. हे ज्ञान नकाशात नसते. वाशिष्ठीच्या मुखावरचा वाळूचा दांडा पावसाळ्यागणिक सरकतो आणि तो कुठे सरकला हे तिथल्या मच्छीमारालाच ठाऊक असते. या ज्ञानाचे मोल करणारी कोणतीही व्यवस्था आज नाही. शिडाच्या होड्या येऊ लागल्या तर हा तांडेल वाट दाखवण्याचे रोख पैसे घेईल, आणि मासे कमी झालेल्या दिवसांत ते त्याला उपयोगी पडतील.

आता सोयींविषयी. या किनाऱ्यावर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत ४८ लहान बंदरे आहेत. हे मंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले. बंदरे आहेत, धक्केही आहेत, परंतु ते बहुतेक प्रवासी लाँच, फेरीबोट किंवा मासळी उतरवण्यासाठी बांधलेले उंच काँक्रीटचे धक्के आहेत. भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन मीटर वरखाली होते, उत्तरेकडे त्याहूनही अधिक, आणि अशा धक्क्याला बांधलेली छोटी होडी रात्रभर भिंतीवर आपटत राहते. आम्हाला वाटेत लागणारी गरज फार साधी होती: खाडीच्या आडोशाला पक्का बसवलेला एखादा बोया (होडी बांधायचा तरंगता गोळा), पाण्याबरोबर वरखाली होणारा छोटा तरंगता धक्का, गोड्या पाण्याचा नळ, आणि ‘आम्ही आलो, उद्या निघणार’ एवढे लिहून घेणारा एक माणूस. यांपैकी चारही गोष्टी एकत्र असलेले ठिकाण मला आठ दिवसांत मिळाले नाही.

शासनाच्या बोलण्यात मात्र मरिना (विहाराच्या नौकांसाठी खास बांधलेले बंदर), क्रूझ टर्मिनल आणि महाबंदर हेच शब्द येतात. वाढवणच्या बंदरावर सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्च होणार आहेत. त्या प्रकल्पाच्या बाजूने आणि विरोधात जे बोलले जाते ते वेगळ्या लेखाचे काम आहे. इथे एवढेच म्हणायचे आहे, की इतक्या मोठ्या आकड्यांची सवय लागली की बोया आणि नळ यांसारखी छोटी कामे कोणाच्याच टेबलावर येत नाहीत. मरिना हा माझ्या दृष्टीने कोकणासाठी चुकीचा पहिला टप्पा आहे. तिच्यासाठी खाडी खणावी लागते, भराव घालावा लागतो, मच्छीमारांची जागा जाते आणि तिचे भाडे परवडणारा माणूस मग खरोखरच फक्त श्रीमंतच उरतो. बोया बसवायला खाडी खणावी लागत नाही. मालवणला तर तो निसर्गरक्षणासाठीच हवा. १९८७ मध्ये घोषित झालेल्या तिथल्या सागरी अभयारण्यात प्रवाळ आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक होडीने आपापला नांगर टाकला तर तो ओढत जाऊन प्रवाळ मोडतो. एका ठिकाणी पक्के बसवलेल्या बोयाला दोर बांधला तर तळ शाबूत राहतो. हे बोये मच्छीमार सहकारी संस्थांच्या मालकीचे असावेत आणि रात्रीचे शुल्क त्यांनीच घ्यावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. ज्यांच्या पाण्यात आपण जातो, त्यांना त्याचा वाटा पहिल्या दिवसापासून मिळाला पाहिजे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी असते आणि नारळी पौर्णिमेला कोळी पुन्हा दर्यावर जातो. विहाराच्या होडीनेही हीच शिस्त पाळावी, जाळी आणि मासळी यांना नेहमी वाट द्यावी, आणि नियम मोडणाऱ्याचा परवाना जावा.

कराची गोष्ट तर मला अन्यायाची वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराची फेररचना झाली, तेव्हा विहार व क्रीडा यांसाठीच्या नौका सर्वोच्च ४० टक्क्यांच्या वर्गात गेल्या. कोट्यवधींच्या आलिशान नौकेवर तो कर असायला माझी हरकत नाही. पण मुले जिच्यावर शीड हाकायला शिकतात ती ऑप्टिमिस्ट जातीची होडी जेमतेम २.३ मीटर लांब असते, एका मुलाला पुरते आणि दोन माणसे तिला उचलून नेतात. आलिशान नौका आणि ही शाळकरी होडी एकाच तागडीत टाकल्याने शीड हा श्रीमंतांचा छंद ठरतो, आणि मग तो श्रीमंतांचा आहे म्हणून त्याला सोयी देऊ नयेत असा युक्तिवाद होतो. इंजिन नसलेल्या किंवा आठ मीटरपेक्षा लहान शिडाच्या होड्या या वर्गातून वगळल्या पाहिजेत.

सुरक्षिततेचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. १९९३ च्या स्फोटांसाठीची स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे उतरली. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा दहशतवादी ‘कुबेर’ नावाच्या पळवलेल्या मच्छीमार ट्रॉलरने मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून उतरले. किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या मनात ही भीती आहे आणि ती खरी आहे. पण या दोन्ही घटनांतून मिळणारा धडा कोणता? पहिल्या घटनेत किनाऱ्यावरच्या यंत्रणेतील काही जण विकले गेले होते, आणि दुसऱ्या घटनेत हरवलेल्या होडीची खबर वेळेवर कोणाला लागली नाही. नोंदणी झालेली, रंगाने व क्रमांकाने ओळखता येणारी, आपले स्थान सतत प्रसारित करणारे छोटे यंत्र बसवलेली आणि दर संध्याकाळी पुढच्या मुक्कामाची वर्दी देणारी शिडाची होडी हा त्या किनाऱ्यावर पहाऱ्याचा आणखी एक डोळा ठरतो. ताशी पाच सागरी मैलांनी चालणाऱ्या होडीला लपून पळून जाता येत नाही. शिवाय रिकामा समुद्र सुरक्षित असतो ही समजूत मला मान्य नाही. ज्या वाटेवर रोज माणसांची ये-जा असते, तिथे अनोळखी माणूस लगेच डोळ्यांत भरतो.

कायद्याच्या दृष्टीने ही वेळ महत्त्वाची आहे. १९१७ चा अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ मध्ये बदलला, आणि २०२५ मध्ये १९०८ चा बंदर कायदा व १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा यांच्या जागी नवे कायदे आले. कायदा नवा असतो तेव्हाच त्याखालच्या नियमांत छोट्या माणसाची जागा करून घ्यावी लागते. एकदा नमुने आणि रकाने ठरले की ते बदलायला पुढची पन्नास वर्षे जातात. खाजगी शिडाच्या छोट्या होड्यांसाठी वेगळा वर्ग, एकच नोंदणी, साऱ्या किनाऱ्याला चालणारी एकच हंगामी परवानगी, लाइफ जॅकेट व रेडिओची सक्ती आणि होडी हाकण्याची साधी परीक्षा, एवढे त्या नियमांत आले तरी पुष्कळ होईल. आज प्रत्येक ठिकाणी नवा माणूस नवा कागद मागतो. वाटेतल्या एका बंदरावर आमचा अर्धा दिवस, आमचा कागद नेमका कोणत्या कार्यालयाने पाहायचा, हे ठरण्यातच गेला. कोणी वाईट वागले नाही, पण त्या दुपारचा वारा आम्ही गमावला.

आता मराठवाड्याविषयी, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो. मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आमच्या शहरात रेल्वेने पाणी आले, तेव्हा मी त्या गाडीच्या टाक्यांकडे पाहत उभा होतो. आमच्या भागातल्या मुलाचे पाण्याशी असलेले नाते दोनच प्रकारचे असते: एक तर घागरीच्या रांगेचे, नाही तर शेततळ्यात, विहिरीत पोहता न आल्याने गेलेल्या कोणाच्या तरी बातमीचे. अशा प्रदेशात शिडाच्या होडीविषयी बोलणे काहींना निर्दयपणाचे वाटेल, हे मला माहीत आहे. मला उलट वाटते. ज्याला पाण्याची भीती आणि टंचाई एवढेच शिकवले जाते, त्याला पाण्यावर निर्भयपणे वावरायला शिकवणे ही चैन नाही. पोहणे, लाइफ जॅकेट बांधणे, उलटलेली होडी सरळ करणे, वारा ओळखणे या गोष्टी आमच्या मुलांना किनाऱ्यावरच्या मुलांपेक्षा अधिक गरजेच्या आहेत.

आणि ती मुले हे करू शकतात. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातली नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शीड हाकायला शिकली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. देवासलाही लातूरसारखाच समुद्र जवळ नाही. हैदराबादेत हुसेनसागरावर लष्कराच्या आणि नागरी संस्थांच्या पुढाकाराने शिडाच्या शर्यती होतात, वस्त्यांमधली, सरकारी शाळांमधली मुले तिथे शिकून राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळवतात. १९४८ पर्यंत ज्या संस्थानाचा आपण भाग होतो, त्याच्या राजधानीत हे घडू शकते. मग जिच्या काठावर पैठण आहे त्या गोदावरीवर ते का घडू नये? सातवाहनांचे पैठण आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर यांची नावे पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक वर्णनात आहेत: भडोचपासून वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, आणि बिकट वाटांनी गाड्यांतून बंदराकडे जाणारे रंगीत खडे व सुती कापड. किनारा नसलेल्या गावांचे समुद्राशी असे व्यवहाराचे नाते होते.

शिकण्यासाठी पहिला डोळ्यांसमोर येतो तो पैठणजवळचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. १९६५ मध्ये पायाभरणी झालेले आणि १९७६ मध्ये पूर्ण झालेले जायकवाडी धरण भरले की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पाणी पसरते. पण इथे मला माझ्याच उत्साहाला आवर घालावा लागतो. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात फ्लेमिंगो आणि परदेशी बदके ज्या उथळ काठांवर उतरतात त्या काठांवर शीड काय, माणसाची सावलीही पडू नये असे मी म्हणेन. धरणाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात, पक्षी यायच्या आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आठवड्यांत, बचावाच्या एका बोटीखेरीज इंजिन न वापरता, वनविभागाच्या संमतीने हे चालत असेल तर चालावे. नसेल तर पूर्णेवरचे येलदरी आहे, नांदेडजवळ विष्णुपुरीचा जलाशय आहे. दहा छोट्या होड्या, दोन प्रशिक्षक आणि शाळांशी जोडलेला एक कार्यक्रम एवढ्याने आरंभ होतो. तिथे दोन हंगाम शिकलेली मुले तिसऱ्या हंगामात जयगडच्या खाडीत जाऊ शकतात, तिथल्या कोळ्यांच्या घरी राहू शकतात, आणि मग किनारा केवळ कोकणातल्या आमदारांच्या प्रश्नोत्तरांचा विषय राहत नाही.

प्रवासाच्या सहाव्या दिवशी आम्ही ज्या लहान बंदरावर थांबलो, तिथल्या कर्मचाऱ्याने नोंदवही पुढे ओढली. तिच्यात दोनच रकाने होते, एक मासेमारीचा आणि एक प्रवासी वाहतुकीचा. आमची होडी कुठे बसवायची याचा त्याने थोडा वेळ विचार केला, मग पट्टी घेऊन पानाच्या उजव्या कडेला एक उभी रेघ ओढली, तिच्या माथ्यावर ‘शिडाची, खाजगी’ असे लिहिले आणि खाली आमची नावे, निघाल्याचे ठिकाण आणि पुढचा मुक्काम नीट अक्षरात उतरवून घेतला. मी त्याच्या परवानगीने मागची पाने चाळली. त्या रकान्याची जागा सगळ्या पानांवर कोरी होती.